खिशातील घड्याळाचे यंत्र मनगटावर आणताना

मूळ कवचासह धडधाकट टिकलेले खिशातील घड्याळ फेरबदलासाठी उघडू नये. सोन्याचांदीसाठी ज्यांची कवचे वितळवली गेली, अशी नुसती यंत्रे पुष्कळ उरली आहेत आणि मनगटावर नवे आयुष्य मिळण्याचा पहिला हक्क त्यांचाच आहे.

निवड करताना आधी व्यास मोजावा. अमेरिकी १६ साइझचे यंत्र सुमारे ४३ मिलिमीटरचे असते आणि कवचासह ते बहुतेकांच्या मनगटाला मोठे होते. १२ साइझचे सुमारे ३९.८ मिलिमीटर भरते. नवशिक्याने स्विस बनावटीचे युनिटास ६४९७ घ्यावे, कारण खिशातील घड्याळासाठीच घडवलेल्या या ३६.६ मिलिमीटरच्या यंत्राला बसणारी मनगटी कवचे तयार मिळतात. त्यानंतर सेकंदकाट्याची जागा पाहावी. उघड्या तबकडीच्या घड्याळात चावी देण्याचे बटण, म्हणजे क्राउन, १२ वर आणि सेकंदकाटा ६ वर असतो. क्राउन ३ वर येईल असे यंत्र फिरवले की सेकंदकाटा ९ वर जातो आणि जुन्या तबकडीवरचे १२ उजवीकडे येतात, म्हणून नवी तबकडी करावी लागते. झाकणाच्या घड्याळातील यंत्रात सेकंदकाटा ६ वरच राहतो. बऱ्याच अमेरिकी यंत्रांत क्राउनची दांडी धरून ठेवणारी नळी कवचात असते, त्यामुळे यंत्र बाहेर काढताच ते वेळ लावण्याच्या स्थितीत जाते; हा बिघाड नव्हे, पण नव्या कवचात तशी नळी बसवण्याची सोय आधीच करावी लागते.

यंत्र खोलण्यापूर्वी मुख्य स्प्रिंगचा ताण उतरवावा. क्राउन घट्ट धरून क्लिक, म्हणजे स्प्रिंग उलटी सुटू न देणारी खिटी, बाजूला सारावी आणि क्राउन बोटांतून हळूहळू सुटू द्यावा. ताण असताना पॅलेट, म्हणजे चाकांना टप्प्याटप्प्याने सोडणारी छोटी तरफ, काढला, तर चाके भरधाव फिरतात आणि त्यांचे पिव्हट, म्हणजे आसांची बारीक टोके, मोडू शकतात. पॅलेटची रत्ने लाखेने चिकटवलेली असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून पॅलेट व बॅलन्स (वेळ राखणारे, मागेपुढे झुलणारे चाक) अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवू नयेत. तेल चाकांच्या पिव्हटना अगदी थोडे द्यावे. चाकांचे दाते, हेअरस्प्रिंग (बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग) आणि पॅलेटचे पिव्हट कोरडेच ठेवावेत. जुन्या तबकडीवर किंवा काट्यांवर अंधारात चमकणारा रंग लावलेला असेल, तर तो खरवडू नये. त्यात रेडियम असू शकते; चमक विझली तरी किरणोत्सर्ग उरतो, कारण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे.

प्रत्यक्ष फेरबदलात माझे मत ठाम आहे: जे पुन्हा पूर्ववत करता येईल, तेवढेच करावे. कवचात यंत्र सैल बसत असेल, तर भोवती पितळी कडे घालावे, पण यंत्र मोठे पडते म्हणून त्याची मूळ प्लेट, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती चकती, कानशीने घासू नये. नव्या तबकडीसाठी प्लेटला भोके पाडण्यापेक्षा तबकडीचे पाय, म्हणजे तिच्या मागच्या बारीक खुंट्या, जुन्या भोकांच्या जागी जोडून घ्यावेत. काट्याचे भोक लहान पडल्यास काट्याचेच भोक वाढवावे. ज्या नळीवर तो बसतो, ती कधीही घासू नये.

सजावटीत पोलादी स्क्रू निळे करण्याचे काम सर्वांत सुंदर आहे. स्क्रूचे डोके आरशासारखे चकचकीत करावे, बोटांचा तेलकटपणा पूर्ण पुसावा आणि पितळी कीस भरलेल्या तव्यात स्क्रू खोचून मंद आचेवर तापवावे. रंग आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसजवळ गडद निळा होतो. त्या क्षणी स्क्रू उचलला नाही, तर तो करडा पडतो. तसे झाल्यास पुन्हा घासून सुरुवात करता येते.

जुळणी झाल्यावर वेळ तपासावी. अशी बहुतेक यंत्रे तासाला १८,००० ठोके देतात. खिशात घड्याळ क्राउन वर ठेवून उभे राहत असे. मनगटावर मात्र तबकडी वर किंवा क्राउन खाली अशा स्थिती जास्त येतात, म्हणून या दोन्ही स्थितींत चाल मोजूनच ती जुळवावी. जुन्या बॅलन्सच्या बारीक पिव्हटना बहुधा धक्क्यापासून संरक्षण नसते, त्यामुळे हातोडीचे वा अन्य हिसक्याचे काम करताना हे घड्याळ काढून ठेवावे.