दोन ट्रंपेट, एक स्टाफ : स्कोअर लिहायला नव्याने बसणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या फोंड्याकडच्या आम्हा लोकांचे कान पेटी-तबल्यावर, भजनांवर आणि नाट्यपदांवर तयार झालेले. स्टाफ नोटेशनशी, म्हणजे स्टाफ या पाच आडव्या रेघांवर स्वर लिहिण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीशी, गाठ पडते ती पुढे, कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात किंवा एखाद्या तियात्राच्या, म्हणजे कोंकणी संगीतनाटकाच्या, बँडमध्ये. तिथे नवख्याच्या हाती वाद्याआधी कागदाचे काम येते: हाताने लिहिलेले जुने पार्ट, म्हणजे एकेका वाद्याचे कागद, कॉम्प्युटरवर उतरवायचे. या कामात माणूस हमखास अडतो तो दोन वाद्यांचे पार्ट एकाच स्टाफवर बसवताना.

आधी विचारून घ्या, हा कागद कोणासाठी? संचालकाच्या स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेल्या कागदात, दोन ट्रंपेट एका ओळीत आले की पानावर जागा होते आणि त्याला दोघांचा मेळ एका नजरेत दिसतो. वाजवणाऱ्याला मात्र स्वतंत्र पार्टच द्यावा. तियात्राचा बँड रंगमंचापुढे बेताच्या उजेडात बसतो. तिथे दुसऱ्या ट्रंपेटवाल्याने दुहेरी ओळीतून आपले स्वर वेचत बसायचे, हा मला तरी अन्याय वाटतो. म्हणून मी शेवटपर्यंत दोन स्टाफवरच लिहितो आणि स्कोअर छापायच्या वेळी फाइलची प्रत काढून तिच्यात जोडणी करतो.

वाद्येही एकाच पट्टीत लिहिली जाणारी हवीत. बी फ्लॅटचे दोन ट्रंपेट खुशाल जोडा. ट्रंपेट आणि ई फ्लॅटचा आल्टो सॅक्सोफोन नको.

खरी मेहनत प्रत्येक बारात, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या तालाच्या घरात, बदलते. समजा पहिला ट्रंपेट मी-फा-सोल वाजवतो आणि दुसरा त्याच लयीत दो-रे-मी. इथे दोन्ही स्वर एकाच दांडीला, म्हणजे स्वराच्या ठिपक्याला जोडलेल्या उभ्या रेघेला, लावा, वाचायला सोपे. पुढच्या बारात दुसरा लांब सोल धरून बसला आणि पहिला वरती पळू लागला, की एक दांडी चालणार नाही. पहिल्याच्या दांड्या वर, दुसऱ्याच्या खाली. मग दोघे एकाच स्वरावर आले: क्षणभरच असतील तर त्या एका स्वराला वर-खाली दोन दांड्या द्या, पण अख्खी ओळ एकसुरात असेल तर स्वर एकदाच लिहून वर ‘आ दुए’ची खूण करा, म्हणजे दोघांनी वाजवायचे. दुसरा बराच वेळ गप्प असेल तर त्याचे रेस्ट, म्हणजे थांब्याच्या खुणा, काढून टाकून वर नुसता १ चा आकडा द्यावा. हा आकडा विसरला की तालमीत ‘हे कोणी वाजवायचे?’ म्हणून बँड थांबतो. दोघांचा जोर वेगळा असेल तर पहिल्याची खूण स्टाफच्या वर, दुसऱ्याची खाली.

नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरपैकी म्यूझस्कोअर फुकट आहे, सुरुवात त्यातच करा. दोन्ही स्टाफ निवडून टूल्समधले ‘इम्प्लोड’ दिले की वरच्या स्टाफवर दोन व्हॉइस, म्हणजे स्वरांच्या दोन स्वतंत्र ओळी, येतात, पहिला निळा, दुसरा हिरवा. जिथे लय सारखी आहे तेवढेच बार त्या एका स्टाफवर निवडून पुन्हा ‘इम्प्लोड’ द्या, ते एका दांडीवर येतात. बाकीचे निस्तरणे हातानेच. दुसरा पार्ट पहिल्याच्या वर चढतो त्या जागा तर डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतात. कोणाचा स्वर कोणता, हे तिथे फक्त दांडीवरूनच कळते.

डोरिको या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २०१९च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ‘कंडेन्सिंग’ आहे. त्यात मूळ पार्टांना धक्का न लावता स्कोअरपुरती जोडणी होते, खुणाही आपोआप पडतात. पैसे मोजायची तयारी असेल आणि मोठ्या वाद्यवृंदाचे काम मिळत असेल तर जरूर घ्या. चार-पाच जणांच्या बँडसाठी मी घेणार नाही.

फिनाले हे जुने सॉफ्टवेअर मात्र आता नव्याने शिकू नका. कंपनीने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते बंद केल्याचे जाहीर केले. कोणी तुमच्याकडे फिनालेच्या जुन्या फाइली आणून दिल्या, तर त्याच्या मशीनवर ते अजून चालते आहे तोवर सगळ्या म्यूझिक-एक्सएमएलमध्ये, म्हणजे इतर सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या फाइलींत, काढून घ्यायला सांगा, आणि जोडणीला हात घालण्याआधी दोन्ही पार्ट जुन्या कागदाशी एकदा ताडून पाहा.