ऑफिसातल्या जुन्या माणसांना चहाला कसं बोलवायचं

ऑफिसातली मैत्री टेबलावर जमत नाही, टेबल सोडून उठल्यावर जमते. सगळी नोकरी पगार विभागात काढली, तेव्हा हे मी खात्रीने सांगते. वर्षानुवर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंच्या मुलांची नावं मला आठवत नाहीत. स्टोअरमधले जे गृहस्थ अकराच्या चहाला यायचे, त्यांच्या कुठल्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते मात्र पाठ आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये या गोष्टीचे तासच मोजले. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात आणि जिवाभावाच्या मैत्रीला २०० च्या वर. त्यातही निव्वळ एकत्र काम करण्यात गेलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत, गप्पा मारण्यात आणि टंगळमंगळ करण्यात गेलेले पडतात. आमच्या साहेबांना हे तेव्हाच दाखवायला हवं होतं.

म्हणून कोणाला बोलवायचं हे ठरवताना विभागाची यादी काढू नका. चहाला सोबत कोण असायचं ते आठवा. एकच माणूस निवडा, फार तर दोन. ग्रुपवर 'सगळे भेटू या' टाकलं की पटापट अंगठे येतात, 'नक्की नक्की' होतं, 'तारीख कळवा' होतं, मग कोणीतरी फुलांचं चित्र टाकून सुप्रभात म्हणतो आणि विषय वर सरकून जातो. आणि समजा जमलेच सगळे, तर सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस बोलतो आणि बाकीचे ऐकतात. मीटिंगा काय कमी केल्या होत्या?

आता निरोप. सगळ्यांची गाडी इथेच अडते. नंबर असतो, इच्छा असते, तरी हात पुढे होत नाही. जिलियन सँडस्ट्रॉम आणि लारा अ‍ॅक्निन या मानसशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये हेच तपासलं. ज्यांना जुन्या मित्राशी बोलायचंच होतं, त्यांना निरोप लिहायला वेळही दिला, तरी एकतृतीयांश लोकांनीसुद्धा तो पाठवला नाही. नेहमीच्या मित्रांना काही मिनिटं निरोप पाठवून आधी हात मोकळा केला, तेव्हा प्रमाण चांगलंच वाढलं. तर तुम्हीही तेच करा. आधी बहिणीला, शेजारणीला दोन ओळी खरडा आणि त्याच झपाट्यात जुन्या मैत्रिणीला लिहून टाका.

'ओळखलंस का?' असं कोडं घालू नका. 'कधीतरी भेटू' हे तर निरोप घेताना म्हणायचं वाक्य, त्याने कोणी भेटत नाही. मी असं लिहिते:

'अगं, मी पगार विभागातली. कपाट आवरताना जुन्या फाइलीवर तुझं लाल शाईतलं "हे कोणी केलं?" सापडलं आणि एकटीच हसले. शनिवारी चार ते पाच मोकळी आहे. चहाला येतेस? तुझ्या घराजवळ येईन. नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात बघू.'

यात मी कोण ते आहे, आठवण का झाली ते आहे, वार आहे, वेळ आहे आणि सुटायची वाटसुद्धा आहे. 'पाच' हा आकडा विसरू नका. तासाभरात उठता येणार हे कळलं की माणूस यायला तयार होतो.

काही काम असेल तर ते निरोपातच लिहा. मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकायचा असेल, सल्ला हवा असेल, तर हरकत काहीच नाही. जुने सहकारी आनंदाने मदत करतात. पण चहा अर्धा झाल्यावर पिशवीतून विम्याचा फॉर्म काढणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी भेटत नाही, आणि बरोबरच आहे.

जाण्याआधी एखाद्या सामाईक ओळखीच्या माणसाला फोन करून घ्या. मधल्या काळात कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाच्या घरातलं माणूस गेलेलं असतं. 'मिस्टर काय म्हणतात?' असं सहज विचारून बसायचो आणि समोरचीचा चेहरा बघायची वेळ यायची. त्यापेक्षा 'हल्ली दिवस कसा जातो?' हा प्रश्न चांगला. त्यावर ज्याला जेवढं सांगायचं तेवढं तो सांगतो.

जागा शांत हवी. या वयात बऱ्याच जणांना कमी ऐकू येतं आणि मान्य कोणी करत नाही, म्हणून समोरासमोर बसण्यापेक्षा टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसा. घरी बोलावणं पहिल्या भेटीत टाळावं. यजमानीण स्वयंपाकघरात अडकते आणि पाहुणी बाहेर भिंतीवरचे फोटो बघत बसते.

पहिला कप जुन्या गोष्टींचा असतो, असू द्यावा. हजेरीचं रजिस्टर, बंद पडणारी लिफ्ट, महिनाअखेरीला सुट्टीवर जाणारे ते एक महाशय. जुना फोटो असेल तर न्या, सुरुवातीचा अवघडलेपणा तो खाऊन टाकतो. पण हा साठा अर्ध्या तासात संपतो, आणि तो संपल्यावर जी शांतता येते तिला घाबरून पुन्हा लिफ्टवर जाऊ नका. तिथेच आत्ताचं काहीतरी विचारा. कधीकाळी प्रमोशनवरून बिनसलं असेल तर तो हिशेब या टेबलावर उघडू नका. समोरच्याने काढला तर ऐकून घ्या, व्हाउचर मागू नका.

कालचा ज्युनिअर आज मोठा साहेब झाला असेल तर त्याला काय म्हणायचं? पूर्वी 'अरे' म्हणत होतात ना, तर एकटं असताना तेच म्हणा. त्याच्या हाताखालची माणसं जवळपास असतील तर 'अहो' म्हणा. त्याला दोन्ही कळतं.

दुसरा कप समोरच्याने मागवला तर भेट जमली. कप रिकामा होऊनही हात पर्सच्या पट्ट्यावर गेला असेल तर तुम्हीच आधी उठा. पैसे बोलावणाऱ्याने द्यावेत, त्यावर काउंटरपाशी झटापट नको. दुसरी फारच हट्टाला पेटली तर 'पुढचा चहा तुझा' म्हणा आणि तिथेच उभ्या उभ्या वार ठरवून घ्या.

उत्तरच आलं नाही तर? महिनाभराने एक साधा निरोप आणखी पाठवा, मग थांबा. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा मोजत बसू नका. कोण कुठल्या घाईत आहे आपल्याला माहीत नसतं. आणि जी दूर राहायला गेली, तिच्याशी फोनवर वेळ ठरवा. दोघींनी आपापल्या घरी आधण ठेवायचं आणि चहा गाळून झाला की जिचा आधी होईल तिने फोन लावायचा.