पुराने वेढलेल्या गावाची बातमी कशी करावी

वैनगंगा फुगली की आमच्या ब्रम्हपुरी तालुक्यात मोबाइल घेऊन काठावर धावणारे पोट्टे काही कमी नसतात. त्यातल्या ज्यांना खरंच बातमीदारी करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो. मी तालुका वार्ताहर आहे, म्हणजे पगार शून्य, जाहिरातीवर कमिशन आणि रात्री दोनलाही वाजणारा फोन.

सगळ्यात आधी वही काढा, कॅमेरा नंतर. एका पानावर बेपत्ता, दुसऱ्यावर सापडलेले, तिसऱ्यावर मृत. प्रत्येक नावापुढे कुणी सांगितलं आणि किती वाजता सांगितलं, ते लिहा. नुसतं 'देवराव' लिहून भागत नाही, एका टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, तीन देवराव निघतात. बापाचं नाव, वय, गावात हाक मारतात ते नाव, शेवटचं कुठे दिसला, हे सगळं पाहिजे.

हे का सांगतो? सप्टेंबर २०१९ मध्ये डोरियन चक्रीवादळ बहामातल्या अबाको बेटावर आदळलं. वारा ताशी सुमारे २९५ किलोमीटर. पुढे ग्रँड बहामा बेटावर तर ते दिवसभराहून जास्त वेळ ठाण मांडून बसलं. दहाएक दिवसांनी तिथल्या सरकारने सुमारे २,५०० बेपत्ता नावं नोंदल्याचं जाहीर केलं. ही नावं निवाऱ्यातल्या आणि बाहेर हलवलेल्या लोकांशी अजून ताडून पाहिलेली नाहीत, हेही सोबत सांगितलं होतं. पण मथळ्यात आकडाच बसतो, पुढचं वाक्य नाही. दुसऱ्याच दिवशी तो आकडा १,३०० च्या आसपास आला.

आपल्याकडे हा ताळा गावातच करता येतो. लाडजसारखं नदीच्या पात्रातलं गाव घ्या. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले, तेव्हा अशा गावांतून लोकांना बोटीनेच काढावं लागलं. रेशन दुकानदाराकडची यादी घ्या, अंगणवाडी सेविकेकडून लहान लेकरं आणि गरोदर बायांची नावं घ्या. मग ज्या शाळेत लोकांना ठेवलं, तिथल्या हजेरीशी एकेक नाव जुळवा. पाहुण्यांकडे गेलेल्यांसाठी त्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावा. आणि दिवस पोळ्याचे असतील तर माहेरी आलेल्या लेकी या रेशन यादीत नसतात, हे विसरू नका बाप्पा.

बचाव पथक आलं की बोटीत जागा मागू नका. तुम्ही बसलात तर एक म्हातारी काठावर राहते. 'किती वाचवले?' हा प्रश्न संध्याकाळसाठी ठेवा. आधी विचारा, 'कोणत्या टोल्यावर अजून कुणी पोचलं नाही?' कळलं की लगेच जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा, बातमी मग टाका. पथक यायच्या आधी बरेचदा आमचे ढिवर बांधव डोंगा घालून माणसं काढतात. त्यांचं नाव बातमीत क्वचितच येतं. तुम्ही विचारून लिहा.

धरणाच्या विसर्गाचा आकडा लिहिताना एकक तपासा. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर पाणी, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक क्युमेक म्हणजे साधारण ३५ क्युसेक. या दोहोंची गल्लत झाली की गावात एकतर उगाच पळापळ होते, नाहीतर लोक घरीच बसून राहतात. सोबत पाणी तुमच्या गावाला किती तासांत पोचेल, हे पाटबंधारेवाल्यांना विचारा. लोकांना क्युमेकपेक्षा ते जास्त कामाचं.

व्हिडिओ जुना तर नाही ना, दुकानाची पाटी, पुलाचा कठडा बघून ठरवा. दरवाज्यांचा तोच व्हिडिओ दर पावसाळ्यात फिरतो. प्रेताचा फोटो नको, ओल्या कपड्यांत बोटीतून उतरणाऱ्या बाईचाही नको. मृताचं नाव घरच्यांना कळल्याची खात्री झाल्याशिवाय ग्रुपवर टाकायचं नाही. संपादक कितीही कातावला तरी.

पाणी ओसरलं की चॅनलवाले परत जातात. तुमचं अर्धं काम तिथून पुढे असतं. २०१७ मध्ये मारिया वादळानंतर पोर्तो रिकोत सरकारी मृतांचा आकडा कित्येक महिने ६४ वरच होता. पुढे वादळानंतरच्या सहा महिन्यांतले जास्तीचे मृत्यू अभ्यासकांनी मोजले, तो अंदाज २,९७५ निघाला आणि सरकारने २०१८ मध्ये तो मान्य केला. वादळानंतर तिथे वीज गेली होती, दवाखाने अडले होते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढचे काही आठवडे चक्कर मारत राहा. साखरेच्या रोग्याचं इन्सुलिन वाहून गेलं का, तणसाच्या ढिगात साप चावून कुणी आलं का, विहिरीत औषध टाकलं का, हे विचारा. पंचनाम्याला तलाठी आला की कोणाच्या बांधी, म्हणजे धानाचे वाफे, यादीतून सुटल्या, तेही बघा.

वहीत बेपत्ताच्या पानावर नाव उरलंच, तर घरच्यांना ठाण्यात नेऊन मिसिंगची नोंद करायला लावा आणि तिची प्रत त्यांच्याकडे ठेवा. प्रेत मिळालं नाही तर मदतीच्या अर्जासोबत तहसीलमध्ये पहिला कागद तोच मागतात.