ऑगस्ट संपायच्या आत तरोटा उपटा, नाहीतर चितळांचं कुरण हातचं जाईल

ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, मेळघाटच्या कडेला ज्यांची वावरं आहेत, ज्या गावसमित्यांनी यंदा वनखात्यासोबत कुरण धरलं आहे, आणि ज्यांनी जंगलाला लागलेली स्वतःची पडीक जमीन हरणांच्या चाऱ्यासाठी राखली आहे, त्या सगळ्यांसाठी हा सल्ला. इतर कामं आठ दिवस मागेपुढे झाली तरी चालतील. तरोट्याचं तसं नाही.

तरोटा, म्हणजे टाकळा, पहिल्या पावसाला उगवतो. कोवळा असताना आपण त्याची भाजी खातो, म्हणून त्याचं भय वाटत नाही. ऑगस्ट अर्धा उलटला की पिवळी फुलं येतात, मागोमाग बारीक वाकड्या शेंगा. शेंग तडकली की बी जमिनीत जातं. त्याचं कवच टणक असतं, त्यामुळे सगळं बी एका पावसात उगवत नाही. पुढची कित्येक वर्षं थोडं थोडं वर येत राहतं. वाढलेल्या तरोट्याला चितळ तोंड लावत नाही, गुरंही लावत नाहीत. त्याच्या दाट सावलीखाली मारवेल आणि पवना ही चाऱ्याची गवतं पिवळी पडून बसतात. लांबून कुरण हिरवंगार दिसतं, आणि आत चितळाला खायला घासभर गवत नसतं.

अशी कुरणं डोळ्यांदेखत जाताना मी पाहिली आहेत, आणि कारण बहुतेक वेळा एकच. ऑगस्टमध्ये सगळे मजूर धानाच्या रोवणीत नाहीतर सोयाबीनच्या निंदणीत अडकलेले. कुरणाच्या कामाचे पैसे उशिरा येतात. मग दिवाळीनंतर टोळी लागते, वाळलेला तरोटा कापते, आणि कापता कापता सगळं बी रानभर पसरवते. त्या कामाने कुरण साफ होत नाही, तरोट्याची पेरणी होते. दिवाळीनंतर करणार असाल तर करूच नका, तो पैसा पुढच्या श्रावणासाठी राखून ठेवा.

म्हणून मघा नक्षत्र संपायच्या आत, म्हणजे ३० ऑगस्टपर्यंत, पहिला हात फिरलाच पाहिजे. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जमीन मऊ असते, झाड मुळासकट निघतं. विळ्याने कापू नका. कापलेला तरोटा बुडातून फुटतो आणि गुडघ्याच्या खालीच शेंगा धरतो, नंतर तो नजरेलाही पडत नाही. फुलावर असलेलं झाड उपटून मुळं वर करून तिथेच टाकलं तरी चालतं. शेंग धरली असेल तर मात्र पोत्यात भरून कुरणाबाहेर न्या आणि खड्ड्यात पुरा. जंगलात जाळू नका.

काही गावांत तरोट्याचं बी व्यापारी विकत घेतात, म्हणून बाया-माणसं तो मुद्दाम पिकू देतात. दोन पैसे मिळतात, त्याला नाही म्हणणार नाही. पण ते बी रस्त्याच्या कडेचं, गावठाणातलं गोळा करा. कुरणातला तरोटा पिकू द्यायचा नाही, असं समितीच्या बैठकीत ठरवून टाका.

हे काम सलग ३ वर्षं करायचं आहे. पहिल्या वर्षी उपटून दुसऱ्या वर्षी सोडलं तर जमिनीतलं जुनं बी सगळा हिशेब चुकता करतं. पुनर्वसन झालेल्या गावांच्या जुन्या शेतांत हे जास्तच जाणवतं, कारण तिथली माती नांगरलेली आणि शेणाने पोसलेली असते. माझा अंदाज असा की तिसऱ्या पावसात गवत स्वतःच तरोट्याला दाबू लागतं. याला शास्त्राचा आधार मागाल तर माझ्याकडे फक्त पाहणी आहे.

बाकीची तणं:

- रानतुळस: सप्टेंबरमध्ये, फुलं येण्याआधी उपटणे.
- गाजर गवत: हातमोजे घालून उपटणे, ते खाणारे मेक्सिकन भुंगे हेक्टरी ५००, पावसाळ्यातच सोडणे.
- घाणेरी: मूळ जमिनीखाली कुदळीने तोडून बुंधा उलटा करून ठेवणे, वरवर छाटणे नको.

आता दुकानदारांबद्दल. तणनाशकाची बाटली पुढे सरकवतील. ग्लायफोसेट तरोट्यासोबत गवतही मारतं, मग उघड्या जमिनीवर पुन्हा तरोटाच येतो. आणि जिथे हरणं चरणार, तिथे फवारा मारायचा कशाला? सुपर नेपिअर या चारा गवताची कांडी खपवतील. तिला पाणी लागतं, ती डोक्यापेक्षा उंच जाते, तिच्यात रानडुक्कर लपतं. चितळाला आखूड, कोवळं गवत हवं. क्षारांच्या विटाही घेऊ नका; एका जागी गर्दी झाली की रोग पसरतो.

लागवडीचं आणि इतर थोडक्यात:

- मारवेलचे ठोंब पाऊस चालू असतानाच, दोन ओळींत ४५ ते ६० सेंमी अंतर ठेवून.
- अंजन गवताचं बी हेक्टरी ४ ते ६ किलो, १ सेंमीपेक्षा खोल नाही.
- स्टायलो या चाऱ्याच्या पिकाचं बी ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ४ मिनिटं बुडवून. हे फक्त स्वतःच्या पडीकात. जंगलात स्थानिक गवतच, तेही वनखात्याच्या परवानगीने.
- गावच्या गुरांना लाळ्या-खुरकूतची लस.

जागा निवडताना एवढं पाहा की कुरण आणि उभं पीक यांच्यात जंगलाचा चांगला पट्टा राहील. मी अर्धा किलोमीटर धरतो. धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून चारा केला तर चितळ धानात उतरणारच, आणि चितळामागे वाघ येतो. कुरण केलं की वावरात हरीण फिरकणार नाही, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. त्रास कमी होतो, संपत नाही. कुंपणात वीज सोडण्याचा विचारही नको. त्याने जनावरंही मेली आहेत आणि माणसंही.

चांगल्या गवताचं बी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, पिकेल तसं, हाताने ओरबाडून घ्या. लगेच पेरू नका, ताजं बी नीट उगवत नाही. कोरड्या पोत्यात पुढच्या जूनपर्यंत ठेवा. पोतं शिवण्याआधी बी सुपात घेऊन पाखडा. त्यात तरोट्याचे तपकिरी, चकचकीत दाणे दिसले तर ते वेचून काढल्याशिवाय ते पोतं कुरणात नेऊ नका.