प्लॅजियरिझम सॉफ्टवेअर वापरताय? या चुका टाळा

ऑनलाइन कोर्सचे स्वाध्याय जमा व्हायला लागले की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, "किती टक्के चालतात?" म्हणजे प्लॅजियरिझम (वाङ्मयचौर्य) तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं स्वाध्यायातला किती टक्के मजकूर इतरत्र जुळतो असं दाखवलं, तर चालवून घ्यायचं. कुणी म्हणतं दहा, कुणी म्हणतं आमच्याकडे पंधरा, एखादे सर वीसपर्यंत उदार होतात. मंडईत भाव ठरावा तसा आकडा ठरतो आणि त्यावर पोरांचे गुण. अहवाल उघडून आत काय रंगवलंय ते बघायची तसदी फार थोडे जण घेतात. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका याच घाईतून निघतात.

यूजीसीचे दहा टक्के स्वाध्यायांना लावणं

हा दहाचा आकडा यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमावलीतून आला. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही आणि ६०च्या वर नोंदणीच रद्द. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. पण ती नियमावली प्रबंध, शोधनिबंध, पुस्तकं अशा लेखनासाठी आहे. स्वाध्याय, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका तिच्या व्याख्येतच वगळलेल्या आहेत. तरीही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला "यूजीसीच्या नियमानुसार आपला स्वाध्याय नामंजूर" असं कळवणारे मेल मी पाहिलेत. तुमच्या संस्थेनं स्वतःची मर्यादा ठरवली असेल तर खुशाल तिचा हवाला द्या, यूजीसीच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका.

त्याच नियमावलीत एक कामाची गोष्ट आहे, तिच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाणित समीकरणं हे मोजणीतून वगळायचं असतं. सर्वसामान्य माहितीचे सलग १४ शब्दांपर्यंतचे जुळणारे तुकडेसुद्धा. स्वाध्यायांना नियम लागू नसला तरी ही चाळणी उसनी घ्यायला हरकत नाही.

आकड्यावरून निकाल देणं

सॉफ्टवेअरला चोरी ओळखता येत नाही. ते मजकुराचे काही-काही शब्दांचे तुकडे करतं आणि आपल्या साठ्यातली वेबपानं, नियतकालिकं, आधी जमा झालेलं विद्यार्थ्यांचं लेखन यांच्याशी ताडून बघतं. जुळलं ते रंगवतं. कुणी उचललं, संदर्भ देऊन की न देता, हे त्याला कळत नाही. टर्निटिन या अशाच एका सॉफ्टवेअरमध्ये २४ टक्क्यांपर्यंत हिरवा रंग येतो, आणि आमच्यातले कितीतरी जण हिरवा म्हणजे पास असं धरून चालतात. दोन परिच्छेद जसेच्या तसे उचललेला हिरवा स्वाध्याय मी पाहिलाय. प्रश्न, कायद्याची कलमं आणि संदर्भसूची जुळल्यामुळे पिवळा झालेला प्रामाणिक स्वाध्यायही पाहिलाय.

मी आधी स्वाध्याय वाचते, मगच अहवाल उघडते. रंगवलेला मजकूर एकदा डोळ्यांपुढे आला की माणूस वाचत नाही, आरोप शोधतो. अहवाल उघडल्यावरही एकूण टक्क्यांपेक्षा एकेका स्रोताचा वाटा बघते. तीस ठिकाणांहून एकेक टक्का ही बहुधा त्या विषयाची ठरलेली भाषा असते. एकाच ठिकाणाहून बारा टक्के आले असतील तर तिथे जाऊन बघायलाच हवं. एवढा वेळ नाही म्हणणाऱ्यांनी सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊच नये.

शून्य टक्के बघून खूश होणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण हिच्यात सगळेच आनंदात असतात.

एका अभ्यासकेंद्रावर राज्यशास्त्राच्या स्वाध्यायांचे अहवाल आले. सगळी तुकडी शून्य ते दोन टक्क्यांत. संयोजक सरांनी बैठकीत अभिनंदन केलं, मराठी माध्यमाची पोरं बघा कशी स्वतःच्या शब्दांत लिहितात म्हणाले. मी नमुन्यादाखल काही स्वाध्याय वाचायला घेतले. पंचायत राजच्या प्रश्नात एकानं लिहिलं होतं की वसंतराव नाईक समिती १९०६ साली नेमली गेली. समिती १९६०ची, अंकांची अदलाबदल झाली असेल म्हणून पुढे गेले. पुढच्या स्वाध्यायात १९०६. त्याच्या पुढच्यातही. नाईकांचा जन्म १९१३चा, म्हणजे समिती अध्यक्षांच्या जन्माआधी सात वर्षं कामाला लागली होती! चौकशी केल्यावर कळलं की बाजारातल्या एका गाइडमध्ये ती चूक छापलेली आहे आणि पोरांनी ते गाइड एकाच झेरॉक्सवाल्याकडे देऊन टाइप करून घेतलंय.

सॉफ्टवेअरला हे का दिसलं नाही? एक तर गाइड छापील, ते कुठल्याच साठ्यात नव्हतं. पण पोरांचे स्वाध्याय तरी एकमेकांशी जुळायला हवे होते. तेही जुळले नाहीत, कारण झेरॉक्सवाल्याकडे दोन संगणक होते आणि दोन्हींवर जुने, वेगवेगळे फॉन्ट. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'भारत' दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी एच-के-के-जे-आर अशी अक्षरं असतात. दुसऱ्या फॉन्टमध्ये त्याच शब्दाची वेगळीच अक्षरं. सॉफ्टवेअर पोटातलं वाचतं. त्याच्या लेखी ती कुठल्याच भाषेत नसलेली बडबड होती, आणि बडबडीशी जगात काहीच जुळत नाही.

यावर उपाय फुकटचा आहे. आलेल्या फाइलमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. स्वच्छ मराठी आली तर युनिकोड (कुठल्याही संगणकावर सारखीच वाचली जाणारी अक्षरं), अगम्य इंग्रजी अक्षरं आली तर अहवाल फाडून टाका आणि फाइल परत पाठवा. पीडीएफ असेल तर ही परीक्षा हमखास घ्यावी, कारण मजकूर युनिकोडचा असूनही पीडीएफमधून बाहेर येताना वेलांट्या आणि जोडाक्षरं कधीकधी विस्कटतात. मी सूचनापत्रातच लिहिते: युनिकोड, वर्ड फाइल, पीडीएफ नको. पहिल्या आठवड्यात कुरकुर होते, नंतर होत नाही.

वहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून त्यांची पीडीएफ करणाऱ्यांचं काय? ते चित्र आहे, त्यात मजकूरच नाही. छापील पान असेल तर गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडलं की अक्षरं निघतात, मराठीही बऱ्यापैकी निघते. हस्ताक्षराच्या बाबतीत मी तो नाद करत नाही. हाताने लिहिलेलं हाताने तपासावं.

युनिकोड असूनही शून्य येऊ शकतं. इंग्रजी विकिपीडियाचं पान गूगलकडून मराठीत आणलं की ते शब्द मूळ पानाशी सरळ जुळत नाहीत. शिवाय मराठीत विभक्तीनं शब्द बदलतो. 'समितीने'चं 'समितीद्वारे' आणि 'शिफारशी'चं 'शिफारशींना' केलं की तुकडा तुटला. म्हणून शंका आली की मी स्वाध्यायातलं सगळ्यात विचित्र वाक्य निवडते, अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधते आणि तेच वाक्य तुकडीतल्या इतर फाइलींतही शोधते. यांत्रिक भाषांतर डोळ्यांना लगेच कळतं. "यामध्ये महत्त्वपूर्ण भूमिका बजावते" हे एका पानावर चारदा आलं की त्या मुलाला गूगल मीटवर बोलावून दोन प्रश्न विचारायचे. विषय कळलेलं मूल अडखळत का होईना, बोलतं.

कच्चा मसुदा कायमच्या साठ्यात टाकणं

सॉफ्टवेअरमध्ये स्वाध्याय तयार करताना जमा झालेलं लेखन साठवायचं की नाही, अशी एक सेटिंग असते. बहुतेक जण ती न वाचता पुढे जातात, आणि 'साठवा' हेच आधीपासून निवडलेलं असलं तर तसंच राहतं.

परिणाम ऐका. रुग्णालयात रात्रपाळी करून शिकणारी एक मुलगी. स्वाध्याय द्यायच्या आधी तपासून घ्यावा म्हणून मैत्रिणीच्या कॉलेजातल्या एका सरांकडे तिनं मसुदा पाठवला. त्यांनी मदत म्हणून आपल्या खात्यातून तपासला, चार टक्के आले, शाब्बास म्हणाले. मसुदा साठ्यात गेला. पंधरवड्यानं तिनं तोच स्वाध्याय आपल्या कोर्सला जमा केला, तर ९४ टक्के, आणि स्रोत म्हणून दुसऱ्या संस्थेतल्या विद्यार्थ्याचं लेखन. तिच्या शिक्षकांनी तो मजकूर बघितलाच नाही. दुसऱ्या संस्थेतलं लेखन परवानगीशिवाय उघडत नाही, आणि परवानगी मागणं म्हणजे आणखी एक मेल. त्यापेक्षा शून्य गुण देणं सोपं. स्वाध्यायाला ३० टक्के भारांक होता.

ती रडत रडत सगळ्यांना फोन करत राहिली. शेवटी कुणीतरी त्या दुसऱ्या सरांना शोधून काढलं, त्यांनी परवानगीच्या मेलला उत्तर दिलं, मसुदा उघडला तर वर तिचंच नाव आणि पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक). गुण मिळाले, पण निकाल राखीव राहिला तो राहिलाच. या सगळ्यात कुणाचीच दानत वाईट नव्हती, म्हणून मला जास्त चीड येते. एका मेलचं काम होतं.

तेव्हा मसुद्यासाठी साठा बंद, अंतिम प्रतीसाठी चालू. टर्निटिनमध्ये हा पर्याय 'नो रिपॉझिटरी' या नावानं असतो. त्याच स्वाध्यायात त्याच विद्यार्थ्यानं पुन्हा फाइल टाकली तर स्वतःशी जुळत नाही, पण मसुदा एका स्वाध्यायात आणि अंतिम प्रत दुसऱ्यात घेतलीत तर जुळणारच. दुसऱ्याच्या विद्यार्थ्याचं लेखन आपल्या खात्यातून तपासून देण्याची समाजसेवा करू नका. आणि ९०च्या वरचा आकडा दिसला की आधी संशय यंत्रावर घ्या. इतकं सरसकट उचलणारा चोर विरळा असतो.

किरकोळ, पण रोजच्या

प्रश्नपत्रिका, कॉलेजचं नाव, प्रतिज्ञापत्र यांचा नमुना सगळ्यांना द्यायचा आणि मग सगळ्यांचं तेवढं जुळतं म्हणून भुवया उंचावायच्या. प्रश्न फाइलीत लिहू नका म्हणून सांगा, नुसता क्रमांक पुरतो.

अवतरणं वगळण्याचा पर्याय चालू केला तरी टर्निटिन एकेरी अवतरणचिन्हं धरत नाही, आणि आपण मराठीत सर्रास एकेरीच वापरतो. 'संदर्भसूची' हे शीर्षक यंत्राला कळलं की नाही, तेही अहवालात डोळ्यांनी बघा.

शेवटच्या रात्री पुन्हा पुन्हा फाइल टाकणाऱ्या विद्यार्थ्यांनो, टर्निटिनमध्ये पहिले तीन अहवाल पटकन येतात, त्यानंतर प्रत्येक वेळी २४ तास थांबावं लागतं. रात्री अकराला मला फोन करून काही उपयोग नाही.

प्रोग्रॅमिंगच्या स्वाध्यायाला निबंधाचं सॉफ्टवेअर लावू नका. त्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाचं मॉस हे कोडमधलं साम्य शोधणारं सॉफ्टवेअर १९९४पासून आहे. त्याला तुम्ही स्वतः वर्गात दिलेला कोड आधी पुरवा, नाहीतर सगळेच चोर ठरतील.

फुकट तपासून देणाऱ्या साइटवर नाव, पीआरएन आणि मोबाइल नंबरासकट फाइल चढवू नये. ती तिथे कुणाच्या हाती पडते, हे आपल्या हातात नाही.

"टक्के कमी करून मिळतील" अशी पाटी लावणारी दुकानं झेरॉक्सच्या शेजारी असतातच. तिथे शब्दांना पर्यायी शब्द लावून देतात. 'लोकसभेचे सभापती'चे 'जनसभेचे मेळावापती' होतात. हे वाचताना मला हसू येतं, गुण देता येत नाहीत.

एआयनं लिहिलंय का, ते सांगणारा टक्का तर आणखी जपून घ्यावा. टर्निटिननं ही सोय एप्रिल २०२३मध्ये इंग्रजी लेखनासाठी आणली आणि पुढे २०च्या खालचा आकडा दाखवणंच बंद करून तिथे फुली ठेवली, कारण तेवढ्यात चूक होण्याचा धोका जास्त. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं तर स्वतःचंच ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये गुंडाळलं. मराठी स्वाध्याय असल्या यंत्रात घालून आलेला आकडा मुलाच्या तोंडावर फेकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांचं स्वतःचं एखादं परिपत्रक त्यात घालून बघा म्हणते.

दरवर्षी तेच प्रश्न

सगळ्यात वर हीच चूक लिहायला हवी होती, पण ती वर लिहिली असती तर निम्म्या शिक्षकांनी पुढचं वाचलं नसतं. "पंचायत राज व्यवस्था स्पष्ट करा" हा प्रश्न वर्षानुवर्षं तसाच ठेवायचा, त्याची सोडवलेली उत्तरं बाजारात विकत मिळू द्यायची आणि मग साम्य सापडलं म्हणून सॉफ्टवेअरचे पैसे वसूल झाले समजायचं. मुलांना संकल्पना समजली का, हेच बघायचं असेल तर विचारा: तुमच्या गावच्या गेल्या ग्रामसभेत कोणते विषय होते, गणसंख्या पूर्ण झाली होती का, एखादा ठराव का अडला? शहरातल्या मुलांना प्रभागसभेबद्दल विचारा. सभेला गेलो नव्हतो म्हणणाऱ्यानं ग्रामपंचायत अधिकाऱ्याला गाठून माहिती काढावी, तोही अभ्यासच.

असे प्रश्न दिल्यापासून माझ्याकडचे अहवाल कंटाळवाणे झालेत. अर्धवट वाक्यं, बोलीतले शब्द, एकानं तर सरपंचांशी झालेलं भांडणच लिहून पाठवलं. तपासायला दुप्पट वेळ लागतो, मानधन मात्र तेवढंच आहे.