पर्वती, ताक आणि मोजलेलं तेल

वजन उतरवायला मी पुण्यातली पर्वती टेकडी चढायला लागले; तिला १०३ पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी मी सगळ्या एका दमात चढायला गेले आणि निम्म्यावरच बसकण मारली; शेजारून सत्तरीचे एक आजोबा शांतपणे वर गेले. तसं करू नका. आधी पाच-सात मिनिटं सपाटीवर चाला. मग ३० सेकंद झपाझप चढा, बोलताना धाप लागेल इतकं, आणि दीड मिनिट रमतगमत. असं सहा वेळा केलं की बास. उतरताना पळू नका, गुडघे बोंबलतात. आठवड्यातून तीनदाच, मधल्या दिवशी नुसतं चालणं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खरी लढाई मात्र ओट्यापाशी. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, आणि मी फोडणीला सरळ बाटलीच तिरपी करायचे! आता दोघांच्या दिवसभराच्या स्वयंपाकाला चार छोटे चमचे वाटीत काढून ठेवते. संपलं की संपलं.

जेवण मुद्दाम तेच ते ठेवलंय: दुपारी ज्वारीची एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, ताक. रात्री मुगाचं धिरडं, नाहीतर दोन अंडी आणि पालेभाजी. कडधान्यं रविवारीच मोड आणून फ्रीजमध्ये ठेवा. भूक लागल्यावर विचार करत बसलात तर वडापावच येतो घरी.

आणि उपासाची साबुदाणा खिचडी? दाण्याच्या कुटासकट तिला हलकं समजणं सोडा. होळीला पुरणपोळी मी खातेच. एक, तुपासकट.