घोड्याच्या पायाचे बूट घेताना या चुका टाळा

क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे मोकळ्या रानात पक्क्या अडथळ्यांवरून घोडा उडवण्याच्या सरावाला विदर्भात वेगळं मैदान लागत नाही. धुरे, नाले, पांदणी आहेतच. पण त्याच वाटेवर तुरी कापल्यावर उरलेले टोकदार बुडखे असतात आणि बाभळीचे काटेही. म्हणून पायाला बूट हवेत. कोणते, इथं बरेच जण फसतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे शो जंपिंगचे, म्हणजे मैदानात बांबूंवरून उड्या मारायच्या खेळाचे, पुढून उघडे बूट घेणं. तिथला बांबू धक्का लागला की पडतो. क्रॉस-कंट्रीचा ओंडका जागचा हलत नाही, गुडघ्याखालचं नळीचं हाड थेट त्यावर आपटतं. पुढच्या पायाला मागून मजबूत कवच हवं, कारण मागच्या खुराचा फटका तिथंच बसतो. मागच्या पायाच्या बुटाला समोरून कवच हवं. बुटानं कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) आधार मिळतो, असं दुकानदार सांगेल. तो ऐकून सोडून द्या. बूट मार झेलतो, बस.

आता उन्हाचं. याचा विचार फार कमी लोक करतात. 1994 साली विल्सन आणि गुडशिप या संशोधकांनी भरधाव घोड्याच्या कंडरेच्या गाभ्यात 45 अंश सेल्सिअसपर्यंत तापमान नोंदवलं होतं. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे बाहेरची हवाच कधी कधी तेवढी तापते. त्यात जाड निओप्रीनचा (रबरासारख्या कापडाचा), एकही छिद्र नसलेला बूट घातला तर पायातली उष्णता निघणार कुठून? छिद्रांचं, हवा खेळणारं अस्तर बघा. रपेट संपली की बूट लगेच काढा आणि पायावर पाणी सोडा. घोडा निंबाखाली बुटांसकट बांधायचा आणि स्वार चहाला, हे चित्र नेहमीचंच आहे.

लोकरी अस्तर दिसायला छान. पण कुसळं आणि सराटे त्यात असे रुततात की संध्याकाळ चिमट्यानं ते वेचण्यात जाते. शिवाय ते पाणी पितं. घेण्याआधी बूट बादलीत बुडवून, निथळून किराण्याच्या काट्यावर तोला. एफईआयच्या (घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) शो जंपिंगच्या नियमात नाल सोडून एका पायावर 500 ग्रॅमपेक्षा जास्त साहित्य चालत नाही. नियम आपल्या खेळाचा नसला तरी अंदाजाला बरा.

माप न घेता ‘फुल’ (मोठी) साइज मागवू नका. मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याची नळी बारीक असते, मोठा बूट गरागरा फिरतो. गुडघ्याखालपासून खुरावरच्या सांध्यापर्यंतची लांबी आणि नळीचा घेर, दोन्ही मोजा. गुडघा दुमडताना बुटाची कड टोचता कामा नये.

पावसाळ्यात काळ्या मातीत पुढचा खूर रुतून सुटायला उशीर होतो, आणि मागचा त्याच्या टाचेवर पडतो. नालही निघते. तेव्हा बेल बूट, म्हणजे खुरावर घंटेसारखे बसणारे बूट, घाला, पण जमिनीवर लोळतील इतके लांब नकोत, त्यावर पाय पडून घोडा अडखळतो.

मापाचा बूटही घसरत असेल तर पट्टा आवळू नका. आधी व्हेल्क्रोतली माती जुन्या टूथब्रशनं काढा, बहुतेक वेळा दोष तिथंच असतो. पट्ट्याचं टोक बाहेरच्या बाजूला, मागं वळलेलं असावं. वरून चिकटपट्टी लावायचीच असेल तर ती पट्ट्यापेक्षा घट्ट नको. सांध्यावरचे केस झिजलेले दिसले, तर आतल्या बाजूला वाळलेला चिखल चिकटलाय का ते हात फिरवून बघा.